खोडलेला परिच्छेद

टायपिंगच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगायची, मजकूर वाचू नका, अक्षरं बघा. जो मजकूर वाचत बसतो त्याचा वेग पडतो आणि चुका होतात. पुढच्या शब्दाचा तो अंदाज बांधतो आणि समोर नसलेलंच छापतो. वीस-बावीस वर्षं मी हे शिकवलं. परीक्षेला ते खरं होतं. बाकी आयुष्यात त्यानं माझं काय केलं, ते इथे लिहिते आहे.

सिंदेवाहीला बसस्टँडच्या मागे आमची संस्था होती. एक लांब खोली, आठ मशीन, नव्वद सालानंतर दोन कॉम्प्युटर. खोलीच्या शेवटी प्लायवुडचं पार्टिशन आणि त्यामागे माझ्या धाकट्या भावाचं टेबल. तो चंद्रपूरहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आला, दोन वर्षं माजरीच्या खाणीत कंत्राटावर राहिला आणि एक दिवस बॅग घेऊन परत आला. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रेडिओ, टीव्ही, पंपाचे स्टार्टर असं दुरुस्त करायचा. लग्न केलं नाही. मला 'बाई' म्हणायचा, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. वडील आधीच गेले होते. घरी आई, मी आणि तो.

आमच्या भागात तांदळाच्या मिल पुष्कळ. त्यातल्या काही लहान मिल उकडा तांदूळ करतात. धान भिजवायचं, वाफ द्यायची, वाळवायचं, मग भरडायचं. खरी मेख वाळवण्यात असते. घाई केली की दाणा आतून तडकतो, आणि भरडताना तांदळाऐवजी कणी हातात येते. एका मिलमध्ये मोटर दुरुस्त करायला गेलेला भाऊ तिथल्या खळ्यावर दिवसभर बसून राहिला. धान पायानं परतणाऱ्या बाया मधेच थांबायच्या, दाणा दाताखाली धरायच्या, पुन्हा परतायच्या. का थांबता म्हणून त्यानं विचारलं. त्यातली म्हातारी म्हणाली, "दान्याले दम खाऊ द्या लागते बापा. आतलं पानी भायेर येते, मंग पुन्हा वाळवाचं."

हे बायकांना ठाऊकच होतं. किती वेळ दम खाऊ द्यायचा, ते मात्र यंत्राला सांगता येत नव्हतं. भावानं एक डबी बनवली. धानात खुपसायच्या दोन सळ्या, एक छोटा सर्किट बोर्ड आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिहिलेला प्रोग्रॅम. गरम हवा बंद केल्यावर दाण्याचा ओलावा किती भरभर बाहेर येतो ते ती डबी मोजायची आणि त्यावरून पंखा पुन्हा कधी सुरू करायचा ते ठरवायची. दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात संस्थेत मशीनच्या आवाजात पार्टिशनमागून सोल्डरिंगच्या जळक्या राळेचा वास यायचा आणि मुली खोकायच्या. मी त्याला दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत घेतलं.

डबी चालली. पहिल्या मिलवाल्यानं कणीचं पोतं पायानं ढकलून दाखवलं होतं, एवढंच आता निघते म्हणून. तो मिलवाला साठीच्या पुढचा, शब्दाला कंजूष माणूस. त्याच्याकडून दुसऱ्यानं ऐकलं, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं.

भावाला डिप्लोमाला शिकवणाऱ्या एका सरांनी त्याला बजावलं, पेटंटचा अर्ज कर, नाहीतर उद्या दुसरा कोणी करेल आणि तुलाच तुझी डबी वापरू देणार नाही. म्हणून त्यानं नागपूरच्या एका एजंटामार्फत अर्ज केला. त्याला त्यातून काही कमवायचं नव्हतं. दाराला कडी असावी, इतकाच हेतू. अर्ज गेल्यावर लगेच त्यानं जाहीर केलं की प्रोग्रॅम आणि डबीचा नकाशा ज्याला हवा त्याला फुकट, फक्त तुम्ही काही सुधारलं तर तेही दुसऱ्याला द्यायचं.

फुकट द्यायचं तरी परवाना लागतो, हे मला तेव्हा कळलं. चंद्रपूरच्या सायबर कॅफेतून त्यानं इंग्रजी परवान्याची छापील प्रत आणली, आठ-नऊ पानांची. जगभरातले प्रोग्रॅम लिहिणारे असे परवाने वापरतात म्हणाला, त्याला ओपन सोर्स म्हणतात. मिलवाल्यांना इंग्रजी कुठून कळणार, म्हणून आम्ही दोघांनी त्याचं थोडक्यात मराठी केलं. तो अर्थ सांगायचा, मी वाक्य बसवायची आणि टाइप करायची. कॉपी करा, बदला, वाटा, विका, मूळ लिहिणाऱ्याचं नाव ठेवा, बिघडलं तर आमच्यावर येऊ नका. असं सगळं.

पाचव्या पानावर एक लांब परिच्छेद होता. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, हा प्रोग्रॅम देणाऱ्याकडे त्याच्या पद्धतीचं पेटंट असेल किंवा पुढे मिळालं, तर प्रोग्रॅम वापरण्यापुरती त्या पेटंटचीही परवानगी त्यानं सगळ्यांना दिली आहे. आणि दुसरी, हा प्रोग्रॅम वापरणारा कोणी उठून आपल्या पेटंटच्या जोरावर यासाठीच दुसऱ्याला कोर्टात खेचू लागला, तर त्याला मिळालेली ही परवानगी तिथेच संपली. मी परिच्छेद मराठीत टाइप केला. कच्ची प्रत त्याच्या हातात दिली. त्यानं लाल पेननं तो पूर्ण परिच्छेद खोडला. एक तिरपी रेघ वरून खाली, मग दुसरी.

मी विचारलं, काऊन रे? टाइप केलेलं खोडलं की मला राग यायचा, म्हणून विचारलं. बाकी काही नाही.

तो म्हणाला, "बाई, आत्याले बाबानं बांधी दिली तवा पानी दिलं असं म्हटलं होतं का?"

बांधी म्हणजे धानाचा वाफा. आमच्याकडे तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत जातं. प्रत्येक बांधीला वेगळा पाट नसतो. वरच्यानं धुरा, म्हणजे मधला बांध, फोडला तर खालच्याला पाणी. वडिलांनी आत्याला, ती एकटी पडल्यावर, खालची एक बांधी कसायला दिली होती. पाण्याचा शब्दही निघाला नव्हता. बांधी दिली म्हणजे पाणी आलंच. आमच्या गावात पाण्याचं वेगळं बोलणं निघतं ते फक्त भांडणात.

"असं लिहिलं त मिलवाले काय समजतीन?" तो म्हणाला. "याच्या मनात अडवाचं होतं, मंग इचार बदलला, असं समजतीन. खोड ते."

मी पक्की प्रत त्या परिच्छेदाशिवाय काढली. एका पानात बसत नव्हतं, दोन पानं झाली. मिलवाल्यांनी ती भिंतीला चिकटवली. कच्ची प्रत मी फाईलला लावली, कारण मी कच्ची प्रत कधी फेकत नाही.

पुढची दोन-तीन वर्षं चांगली गेली, इतकंच म्हणते. सहा मिलमध्ये डब्या लागल्या. मूल गावाकडच्या एका मिलवाल्यानं सळ्यांची जागा बदलून सुधारणा केली, भावानं ती प्रोग्रॅममध्ये घेतली आणि त्याचं नाव घातलं. तो माणूस ते नाव बघायला मुद्दाम संस्थेत आला. पडद्यावर बोट ठेवून त्यानं ते दोनदा वाचलं आणि गेला. फ्लॉपीवर प्रती करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. कोणी आलं की पाच मिनिटांत प्रत तयार.

मग एका सप्टेंबरात भावाला ताप आला. आमच्याकडे ताप म्हणजे आधी मलेरियाची गोळी आणि मग बाकीचं बोलणं. दुसऱ्या दिवशी तो मला ओळखेना. चंद्रपूरला नेलं. मलेरिया मेंदूत गेला होता. चौथ्या दिवशी संपलं. एकोणचाळीस वर्षांचा होता. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सगळे मिलवाले आले, जेवून गेले. दुसऱ्या दिवशी मी संस्था उघडली. परीक्षा तोंडावर होती. लोक काय म्हणाले ते मला माहीत आहे. पार्टिशनमागचं टेबल मात्र तसंच राहू दिलं.

सहा-सात महिन्यांनी नागपूरच्या एजंटाचं पत्र आलं. पेटंटच्या अर्जावर कार्यालयानं काही हरकती काढल्या आहेत, मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं समजण्यात येईल. 'सोडून दिला' या शब्दांवर माझी नजर अडकली. दीड वर्ष राळेचा वास सहन केला तो सोडून देण्यासाठी? पण उत्तर देणार कोण? मला त्यातलं तांत्रिक कळत नव्हतं. एजंटानंच सुचवलं, नागपूरला मिलची यंत्रं बनवणारी एक कंपनी आहे, तिला यात रस आहे, अर्ज त्यांच्या नावे करून दिला तर पुढचं सगळं ते बघतील.

कंपनीचा माणूस घरी आला. सभ्य होता. आईनं दिलेला चहा पूर्ण प्यायला, फोटोसमोर हात जोडले. म्हणाला, यंत्रावर तुमच्या मुलाचं नाव टाकू. कायद्यानं वारस आईच होती, सही तिची लागणार होती. मी एक प्रश्न विचारला, तो मला आजही शब्दश: आठवतो. जे आता डबी वापरतात त्यांचं काय? तो म्हणाला, "त्यांना तर परवाना दिलेलाच आहे ना, मॅडम." खोटं बोलला नाही. परवाना दिलेलाच होता.

करारनामा चार पानांचा होता. मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बघितला. दुसऱ्या पानावर आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं. तारीख तपासली, पत्ता तपासला. आईला बोट ठेवून दाखवलं, इथे, आणि इथे. आई म्हणाली, तू पाह्यलं ना, मंग झालं. फाईल बंद झाली याचं मला समाधान वाटलं. रक्कम किरकोळ होती, आणि ती रकमेसाठी दिलेली सही नव्हती. ती टेबल आवरण्यासाठी होती. ते टेबल मला सहा-सात महिने आवरता आलं नव्हतं.

दोन वर्षांनी मिलवाल्यांना नोटिसा आल्या. पेटंट मंजूर झालं होतं, आणि कंपनी म्हणत होती, डबी वापरायची तर आम्हाला पैसे भरा. सहाही जण एकत्र संस्थेत आले, बाकांवर बसले, मुली मागे भिंतीला उभ्या राहिल्या. पहिल्या मिलवाल्यानं नोटीस माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, हे काय होय? भावानं त देल्लं होतं ना?"

दिलं होतं, मी म्हणाले.

"मंग हे कोन मांगून राह्यले?"

मूलचा मिलवाला म्हणाला, माझ्या सुधारणेसाठी आता मलाच परवानगी काढावी लागणार काय? कोणीतरी हसलं.

चंद्रपूरला एका वकिलाकडे गेलो, मी आणि पहिला मिलवाला. वकिलानं भिंतीवरून काढून नेलेला परवाना वाचला, नोटीस वाचली. समजावून सांगितलं, ते बरं सांगितलं. प्रोग्रॅम म्हणजे लिखाण, त्याचा हक्क वेगळा. धान वाळवण्याची पद्धत वेगळी, तिचा हक्क वेगळा. परवान्यात लिखाणाची परवानगी आहे, पद्धतीची नाही. "प्रोग्रॅम घ्या, कॉपी करा, फ्रेम करून लावा. चालवला की अडकले." मग म्हणाला, तरी बोलायला जागा आहे. ज्यानं वापरायलाच दिलं त्यानं वापरण्याची परवानगीही दिली होती, असं मांडता येतं, आणि पेटंट ज्यानं घेतलं त्याला आधीची परवानगी पाळावी लागते. पण मूळ माणसाच्या मनात ते होतं याचा पुरावा पाहिजे. काही कागद आहे का?

मी पिशवीतून फाईल काढली. कच्ची प्रत समोर ठेवली. त्यानं खोडलेला परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला.

मी सांगितलं, बांधीचं, पाण्याचं, तो काय म्हणाला ते. मिलवाला मान हलवत होता. त्याला समजावून सांगायची गरजच नव्हती. वकील पुण्यात शिकलेला होता, तरी त्यालाही कळलं असावं. त्यानं कागद उलटा केला आणि माझ्याकडे सरकवला.

"हे तुम्ही सांगता म्हणून मी मानतो. पण कागद काय म्हणतो? परिच्छेद समोर होता आणि स्वत:च्या हातानं काढला. म्हणजे पद्धतीचा हक्क जाणूनबुजून राखून ठेवला. समोरच्या वकिलाला हा कागद मिळाला तर त्याला दुसरं काही नको."

मी विचारलं, मला कोर्टात विचारलं तर?

"तर तुम्ही काय सांगाल?"

जे झालं ते सांगेन, मी म्हणाले. खोडला होता हे सांगेन. त्यानं फाईल बंद करून परत दिली. उठताना मी आणखी एक विचारलं, ते विचारलं नसतं तर बरं. एजंटाच्या पत्राला मी उत्तरच दिलं नसतं तर काय झालं असतं?

"अर्ज संपला असता. पद्धत सगळ्यांची झाली असती, कायमची. तुम्हाला काहीच करायचं नव्हतं."

परतीच्या बसमध्ये मिलवाला माझ्या शेजारी बसला होता. मूलचा स्टँड मागे गेला. मग म्हणाला, "तुमी हात बांधून बसनाऱ्या बाई नोहोय. त्यातच झालं." हे त्यानं दोष म्हणून म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

कोर्टात गेलो नाही. नागपूरच्या चकरा लहान मिलला परवडत नाहीत, आणि मला साक्षीला उभं करायला वकील तयार नव्हता. समझोता झाला. सहा मिलमधल्या डब्या चालतील तोवर चालवायच्या. नवी बनवायची नाही, प्रोग्रॅम कोणाला द्यायचा नाही, बदलायचा नाही. संस्थेनं प्रती वाटायच्या नाहीत, म्हणून माझीही सही. या वेळी मी मजकूर वाचला. एकेक वाक्य वाचलं. एकही चूक नव्हती.

आईला मी सगळं सांगितलं नाही. इतकंच सांगितलं की कंपनीनं मिलवाल्यांना त्रास देणं थांबवलं. ती म्हणाली, त्याचं नाव टाकलं का मशीनवर? टाकलं होतं. आत, पंख्याच्या झाकणामागे, बारीक अक्षरात. मी हो म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दोन बाया आल्या. वैनगंगेच्या पलीकडच्या, गडचिरोलीच्या एका गावातल्या बचत गटाच्या. दोन बस बदलून आल्या होत्या. एक पन्नाशीची, एक तरुण, तिच्या हातात वही आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरी सीडी. मोठी म्हणाली की त्यांच्या गटानं छोटी मिल उभारली आहे, उकडा करणार आहेत, डबीचा प्रोग्रॅम पाहिजे.

मी म्हणाले, आता देता येत नाही.

"तुमचा भाऊ आमच्या गावात आला होता," ती म्हणाली. "आमाले दिवसभर समजावून सांगतलं. म्हने, मिल उभी करा आन् बाईकडे या, ते देईन. उभी कराले आमाले चार वर्सं लागले."

ती बोलली ते अगदी साधेपणानं, उशीर झाल्याची माफी मागितल्यासारखं. मी कंपनीचं सांगितलं, कराराचं सांगितलं. तरुण बाई वहीत काहीतरी लिहायला लागली आणि थांबली. मोठी ऐकत होती. तिला नवं काही वाटत नव्हतं. सरकारी कचेरीत साहेब आज नाही म्हणतात, ते ऐकताना बाया जशा ऐकतात तशी.

"म्हंजे तो असाच बोलून गेला का?"

"नाही. तो देणारच होता. दिलंही होतं. नंतर सही आम्ही करून दिली."

"काऊन?"

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, तेच मी वर चार पानं लिहिलं आहे. तेव्हा मी फक्त कपाटाकडे बघितलं. कपाटात प्रोग्रॅम होता. पाच मिनिटांचं काम होतं. दिला असता तर कोणाला कळलं असतं असंही नाही. पण डबी लागली असती, कोणीतरी पाहिली असती, आणि पुढची नोटीस या दोघींच्या नावानं निघाली असती. त्यांना मी हे सांगितलं. धाकटीनं मान हलवली. मोठीनं नाही.

ती इतकंच म्हणाली की बहिणीकडे जा, असं त्यानं सांगितलं होतं, म्हणून आलो. मग बस किती वाजताची आहे म्हणून विचारलं. सव्वाचार, मी म्हणाले. उन्हात कुठे बसता, इथेच बसा. त्या मागच्या बाकावर बसल्या. धाकटीनं सीडी पुन्हा पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली. चारला पुढची बॅच आली. मुलींना बाक लागत होता. मी काही म्हणायच्या आत त्या उठल्या.